हवा किती, पेट्रोल किती

या शनिवारचा लेख अंगठ्याएवढ्या एका वस्तूबद्दल आहे. तुमच्याकडे पेट्रोल गाडी असेल तर ती वस्तू तुमच्या गाडीत आहे, तुम्ही ती बहुधा कधी पाहिलेली नाही, आणि ती बिघडली तर तुमचा पगार थोडा थोडा करून सायलेन्सरमधून बाहेर जातो. नाव ऑक्सिजन सेन्सर. जर्मन मंडळी त्याला 'लॅम्डा सोंड' म्हणतात. गेल्या मे महिन्यात मी आरमोरीला मामांकडे होतो, तिथे या वस्तूशी चार दिवस झटापट झाली. मग नेहमीच्या सवयीने 'हे आलं कुठून?' म्हणून वाचत बसलो आणि गाडी थेट एका जर्मन दिव्यापर्यंत मागे गेली.

आधी थोडं गणित. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे एका लिटरला अकरा किलो हवा. अकरा किलो हवा म्हणजे नऊ-दहा हजार लिटर! टाकीत पेट्रोल भरताना आपण मीटरवर डोळे लावून बसतो, हवा मात्र फुकटची म्हणून तिच्याकडे बघत नाही. इंजिनाला दोन्हीचा हिशोब ठेवावा लागतो. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळतं, कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी होते. हवा जास्त झाली तर नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, गाडी धक्के खाते. प्रत्यक्षातली हवा आणि हवी तेवढी हवा यांचं गुणोत्तर म्हणजे लॅम्डा. ते एक असलं की सगळं जिथल्या तिथे.

आता तो दिवा. १८९७ च्या सुमारास गोटिंगेनमध्ये वाल्थर नर्न्स्ट नावाचा प्राध्यापक विजेच्या दिव्याच्या मागे लागला होता. (हो, तोच. बारावीला ज्याचं इक्वेशन आपण पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो, तोच नर्न्स्ट.) त्या वेळचे बल्ब कार्बनच्या तंतूचे, पिवळट आणि कमी आयुष्याचे. नर्न्स्टने झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये दुसरे ऑक्साइड मिसळून एक छोटी कांडी बनवली. ही कांडी म्हणजे चिनीमातीच्या कपाची चुलत बहीण. थंड असताना तिच्यातून वीज अजिबात जात नाही. तापवली की मात्र जाते, आणि कांडी पांढरीशुभ्र उजळते. गोम एवढीच की दिवा लावायचा तर आधी कांडी तापवायला हवी! तरी एईजी कंपनीने पेटंट घेतलं, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे दिवे झळकले, आणि पुढे धातूच्या तंतूचे बल्ब आल्यावर विस्मरणात गेले. नर्न्स्टला पैसे मिळाले, त्याने मोटारगाड्यांची हौस भागवली. १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं ते वेगळ्या कामासाठी.

कांडीतून वीज नेमकी कशी जाते, हे कोडं बरीच वर्षं होतं. १९४३ मध्ये कार्ल वाग्नरने ते सोडवलं: झिर्कोनियाच्या जाळीत ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात, आणि तापल्यावर ऑक्सिजनचे आयन एका रिकाम्या जागेतून दुसरीत उड्या मारत पुढे सरकतात. रेल्वेच्या जनरल डब्यात एक जण उठला की पुढचा त्याच्या जागी सरकतो, तसंच. म्हणजे ही भिंत इलेक्ट्रॉनना अडवते पण ऑक्सिजनच्या आयनांना, तेही गरम असताना, वाट देते. अशा भिंतीच्या एका बाजूला भरपूर ऑक्सिजन आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल तर दोन्ही बाजूंत व्होल्टेज तयार होतं. किती? ते नर्न्स्टचं इक्वेशन सांगतं. दिवा त्याचा, समीकरण त्याचं. दोन्ही एका ठिकाणी आणून गाडीच्या सायलेन्सरमध्ये घुसवायला मात्र जवळपास ऐंशी वर्षं जावी लागली.

ती गरज निर्माण केली लॉस एंजेलिसच्या धुराने. अननसाच्या वासावर काम करणारा आरी हागेन-स्मिट हा डच रसायनशास्त्रज्ञ तिथे कॅलटेकमध्ये होता. शहरावर साचणारं ते डोळे चुरचुरवणारं धुकं गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडून तयार होतं, हे त्याने पन्नासच्या दशकात दाखवून दिलं. १९७० मध्ये अमेरिकेने स्वच्छ हवेचा कडक कायदा केला आणि १९७५ च्या मॉडेलांपासून गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. म्हणजे सायलेन्सरच्या आधी बसवलेला मधाच्या पोळ्यासारखा एक डबा, आत प्लॅटिनमसारख्या महाग धातूंचा पातळ थर. पुढे 'थ्री-वे' कन्व्हर्टर आला. तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असे तिन्ही एकदम निकाली काढतो. अट एकच: लॅम्डा एकच्या अगदी जवळ पाहिजे, टक्काभर इकडेतिकडे चालेल. कार्ब्युरेटरला हे जमणं म्हणजे मुठीने मीठ टाकून रोज तंतोतंत तीच चव आणणं. एखाद्या आजीला जमेल, कार्ब्युरेटरला नाही.

मग बॉशच्या लोकांनी नर्न्स्टची झिर्कोनिया शोधून काढली. (बॉश म्हणजे आपल्या नाशिकच्या मायको सर्कलवाल्या मायकोची मूळ कंपनी.) शिवणाच्या अंगुस्तान्यासारखी एक टोपी, आतबाहेर प्लॅटिनमचा मुलामा. बाहेरून धूर, आतून साधी हवा. धुरात ऑक्सिजन उरला नाही, म्हणजे पेट्रोल जास्त, तर सुमारे ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला, म्हणजे पेट्रोल कमी, तर ०.१ व्होल्ट. मधली उडी बरोब्बर लॅम्डा एकपाशी. १९७६ मध्ये अमेरिकेसाठी बनवलेल्या व्होल्व्हो गाड्यांमध्ये हा सेन्सर पहिल्यांदा बाजारात आला. व्होल्व्होला त्याचं इतकं कौतुक की गाडीच्या पुढच्या जाळीवर 'लॅम्डा सोंड' अशी पाटीच लावली होती.

आपल्या धंद्यातल्या मंडळींना यातली गंमत लगेच कळेल. कॉम्प्युटर विचारतो, ०.४५ च्या वर? पेट्रोल थोडं कमी कर. खाली? थोडं वाढव. सेकंदाला एकदोनदा हे चालतं, त्यामुळे चांगल्या सेन्सरचं व्होल्टेज कधीच एका जागी थांबत नाही, सतत झोके घेतं. साधं इफ-एल्स, पण फीडबॅक लूप पूर्ण. आणि नर्न्स्टच्या कांडीचा स्वभाव इथेही आलाच: तीनशे-साडेतीनशे अंशांच्या खाली सेन्सर झोपलेला असतो. म्हणून ऐंशीच्या दशकात त्याच्या पोटात हीटर घातला गेला. दिवा लावायला आधी तापवा, तसं.

या सगळ्याला एक जुना वैरी होता: शिसं. १९२१ मध्ये थॉमस मिजलीने पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घालून इंजिनाची ठोठो थांबवली. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे कारखान्यात हे रसायन हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्याच महिन्याच्या अखेरीला मिजलीने पत्रकारांसमोर त्याच द्रवाने हात धुऊन दाखवले. (स्वतः मिजलीला आदल्या वर्षी शिशाची विषबाधा झालीच होती.) त्यानंतर पन्नास वर्षं जग शिसं हुंगत राहिलं. ते बंद होण्यामागचा मोठा धक्का मेलेल्या कामगारांचा किंवा लहान मुलांच्या मेंदूचा नव्हता. शिशाने कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्ही मरतात, म्हणून अमेरिकेत पंपावर बिनशिशाचं पेट्रोल ठेवणं सक्तीचं झालं. मला हा इतिहास वाचताना जरा कसंसंच होतं. असो. जगातल्या शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, शिशाचं पेट्रोल २०२१ मध्ये बंद केलं.

आपल्याकडे काय झालं? इथे आरमोरी गोष्टीत येते.

१ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं. मागे एम. सी. मेहतांची १९८५ पासूनची सर्वोच्च न्यायालयातली लढाई होती. पण गाडीला चाकं असतात हो! चार शहरांबाहेर गेल्यावर टाकीत काय भरायचं? देशभर बिनशिशाचं पेट्रोल यायला फेब्रुवारी २००० उजाडलं. तोवर एखादी मुंबईची नवी गाडी उमरेड-नागभीडमार्गे इकडे आली असती आणि वाटेत टाकी भरली असती, तर महागातला तो डबा इथेच निकामी झाला असता.

पुढे हीच पद्धत रूढ झाली. शहरांना आधी, बाकीच्यांना नंतर. भारत स्टेज दोन दिल्लीला २००० मध्ये, मुंबईला २००१ मध्ये, देशभर २००५ मध्ये. स्टेज तीन अकरा मोठ्या शहरांना २००५ मध्ये, बाकी देशाला २०१०. स्टेज चार तेरा शहरांना २०१०, सगळ्यांना २०१७. अकरा शहरांत पुणं होतं, नागपूर नव्हतं. तेरात सोलापूरही आलं, नागपूर तरी नाहीच. हा आराखडा आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. रघुनाथ माशेलकर होते. समिती २००१ ची, अहवाल २००२ चा, सरकारी धोरण २००३ चं. सल्फर कमी असलेलं पेट्रोल एका रात्रीत देशभर पुरवायची रिफायनऱ्यांची ताकद नव्हती, हे खरंच आहे. त्या वेळी मी असतो तर मीही बहुधा तसंच फेज्ड रोलआउट लिहिलं असतं. पण परिणाम असा की २००७ साली पुण्यात विकलेली गाडी आणि नागपुरात विकलेली तीच गाडी, कागदावर दोन वेगवेगळ्या हवांसाठी बनलेली होती. धूर कमी कुठे सोडायचा हे पिनकोडवर ठरत होतं. अख्ख्या देशाच्या नव्या गाड्यांना एकच नियम एकाच दिवशी लागू होऊन मधली पायरीही गाळली गेली ती १ एप्रिल २०२० ला, स्टेज सहाच्या वेळी.

मामांची गाडी त्याच २००७ ची, नागपूरच्या एमएच-३१ पासिंगची, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, पण तेव्हा प्रत्येक तिसऱ्या दारात हीच उभी असायची. मामा निवृत्त शिक्षक. मामींना उपचारासाठी आठवड्यातून दोनदा गडचिरोलीला न्यावं लागतं, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. ॲव्हरेज सतरावरून अकरावर आलं होतं. पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये नुसते उडत होते. त्याहून वाईट म्हणजे मागे बसलेल्या मामींना पेट्रोलच्या वासाने मळमळायचं. पीयूसीच्या मशीनवर कार्बन मोनॉक्साइड चार टक्क्यांच्या जवळ, या गाडीला मर्यादा अर्धा टक्का.

नागपुरातल्या एका वर्कशॉपने कन्व्हर्टर बदला म्हणून तीस हजारांच्या वरचा आकडा दिला होता. गाडीचीच किंमत सत्तर हजार. आरमोरीच्या मेकॅनिकचा उपाय स्वस्त होता.

"जाळी काढून टाकू न जी. गाडी मोकळी होते. इथं कोन पाहून रायला?"

जाळी म्हणजे कन्व्हर्टर. आतलं मधाचं पोळं सळईने फोडून रिकामा डबा परत बसवायचा. हा उद्योग देशभर चालतो. इथे जंगल आहे, वैनगंगा आहे, धुराने आभाळ भरत नाही हे कबूल. पण मामी मागच्या सीटवर बसतात आणि इंजिन ज्यादा पेट्रोल पितंय तोवर डबा फोडून एक थेंबही वाचणार नव्हता. मामांना हे पटलं. "मग तूच पाय काय ते," म्हणाले. मेकॅनिकलाही पटलं, किंवा निदान उत्सुकता वाटली.

या काळातल्या बऱ्याच गाड्यांत स्कॅनर नसला तरी चालतं. डायग्नोसिसच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या, चावी फिरवायची, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत कोड सांगतो. एकदा, थोडं थांबून तीनदा. तेरा. तेरा म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं सर्किट. लक्षात घ्या, 'सर्किट'. सेन्सरच गेला असं कोड म्हणत नाही. एरर मेसेजमधली ओळ आणि खरा बग एकाच ठिकाणी असतात असं आपण तरी कुठे मानतो?

प्लग काढले तर तिन्ही काजळीने काळे. म्हणजे मिश्रणात पेट्रोल नक्की जास्त. मग इंजिन चांगलं तापवलं, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून डिजिटल मल्टिमीटर आणला आणि सेन्सरच्या सिग्नलच्या वायरीवर लावला. (काट्याचा जुना मीटर इथे नको, तो या नाजूक व्होल्टेजला स्वतःच खाली ओढतो.) रेस दिली तरी आकडा ०.१ वर चिकटलेला. म्हणजे प्लग म्हणतात पेट्रोल जास्त, सेन्सर म्हणतो कमी. कॉम्प्युटर बिचारा सेन्सरवर विश्वास ठेवून अजून ओततोय.

पण अशी खोटी साक्ष दुसऱ्या कारणानेही मिळते. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला कुठे चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि धड सेन्सरही 'ऑक्सिजन आहे' असंच सांगणार. सायलेन्सरच्या तोंडाला ओलं फडकं दाबून धरलं, मॅनिफोल्डपाशी फुसफुस कुठे येते का ऐकलं. नाही. वायरी तुटल्या होत्या? नाही. एकाच रंगाच्या दोन वायरी हीटरच्या असतात, त्यांच्यातला रेझिस्टन्स आठ ओहमच्या आसपास, म्हणजे हीटर ठीक, त्याला बारा व्होल्टही मिळत होते. शेवटी हवेच्या नळीत कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारला. आता मिश्रणात इंधन इतकं होतं की जिवंत सेन्सर ०.८ च्या वर उडायला हवा. आकडा हलला नाही. मेकॅनिक मीटरकडे बघत म्हणाला, "मेला जी हा."

नवा सेन्सर नागपूरहून सकाळच्या बसने आला, ड्रायव्हरच्या सीटमागे, पिशवीत गुंडाळून. बसवण्याचं काम अर्ध्या तासाचं. इंजिन कोमट असताना जुना सैल करायचा, थंड असताना आट्या तुटायची भीती. सेन्सरचा खास खाचेचा पाना आरमोरीत नव्हता, पण जुना फेकायचाच आहे म्हटल्यावर त्याच्या वायरी कापल्या की बावीस नंबरचा साधा रिंग पाना वरून बसतो. ही युक्ती मेकॅनिकची. नव्याच्या आट्यांना अँटीसीझ लावायचं, टोकाला बोटही लावायचं नाही, आणि मग बॅटरीची निगेटिव्ह थोडा वेळ काढून कॉम्प्युटरला जुनं विसरायला लावायचं.

जुन्या सेन्सरचं टोक म्हणजे गाडीची डायरीच. पांढरट रवाळ थर असला तर कुणीतरी चुकीचं सिलिकॉन सीलंट वापरलेलं असतं. सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तपकिरी राख म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. आमच्या सेन्सरवर वर काजळी होती, पुसली तर खाली तपकिरी. काजळी हा परिणाम. कारण खालचं: लाखाच्या वर पळालेलं इंजिन, थोडं थोडं जळणारं ऑइल, आणि वय.

"राकेल तर नसंल?" असं मेकॅनिकने विचारलं होतं. मला तसं काही दिसलं नाही. पण हा प्रश्न त्याच्या पिढीच्या डोक्यात पहिला येतो, आणि का येतो ते आठवायला हवं. रेशनचं रॉकेल पेट्रोलच्या चौथ्या हिश्शाच्याही आत मिळायचं, तेव्हा ते ओळखू यावं म्हणून सरकार त्यात निळा रंग घालायचं आणि भेसळवाले तरी भेसळ करायचेच. रॉकेल पेट्रोल इंजिनात नीट जळत नाही, धूर वाढतो, कन्व्हर्टरचं आयुष्य घटतं. १९ नोव्हेंबर २००५ ला इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी एस. मंजुनाथ लखीमपूर खेरीत मारला गेला, भेसळ करणारा पंप बंद करायला लावला म्हणून. आयआयएम लखनौचा, वय सत्तावीस. आणि २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी भर दिवसा जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. पुण्या-मुंबईच्या हवेचे मायक्रोग्रॅम मोजताना ही दोन नावं कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

नवा सेन्सर बसल्यावर मीटर लावला. अर्धा मिनिट शांत, मग ०.२, ०.७, ०.१, ०.८. झोके सुरू. मेकॅनिकने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, म्हणजे तीस हजारांचा तो डबा शाबूत होता. ॲव्हरेज सोळाच्या वर गेलं. मामी गडचिरोलीहून आल्या तेव्हा वासाबद्दल काही बोलल्या नाहीत, मामांच्या मते हीच पावती. :)

मी निघायच्या दिवशी सकाळी मेकॅनिकचा फोन. त्याच्याकडे एक बीएस-६ स्कूटर आली होती, पिवळा दिवा लागलेली. २०२० नंतरच्या बहुतेक दुचाकींना फ्युएल इंजेक्शन आणि हा सेन्सर आला, म्हणजे आता त्याच्या टपरीसमोर दिवसाला दहा तरी नर्न्स्टच्या कांड्या उभ्या राहतात. त्याने स्वतःचा मल्टिमीटर घेतला होता. "भाऊ," तो म्हणाला, "हिला एकच वायर हाये. काळा पिन कुठं लावू?"

"इंजिनच्या बॉडीला," मी म्हटलं, "आणि आधी तापू द्या."